तीन महिन्यांची साखर कळली, पण तीन महिने कसे गेले?

आरोग्याबद्दलच्या ज्या प्रश्नावल्या जगभर वापरल्या जातात, त्यातली एक मोठी म्हणजे एसएफ-३६. छत्तीस प्रश्न, अमेरिकेत तयार झालेले, १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेले. त्यातला एक प्रश्न असा आहे: टेबल सरकवणं, व्हॅक्यूम क्लीनर ढकलणं, बोलिंग किंवा गोल्फ खेळणं अशी मध्यम श्रमाची कामं करताना तब्येतीमुळे तुम्हाला अडचण येते का? खूप, थोडी, की अजिबात नाही?

ज्यानं जन्मात गोल्फची काठी हातात धरली नाही त्यानं काय सांगायचं? मी काही वर्षं असे फॉर्म लोकांसमोर बसून भरून घेतले आहेत. अशा प्रश्नापाशी माणसं अडखळतात आणि मग दोनपैकी एक वाट धरतात. कुणी म्हणतं, "मी खेळतच नाही, मग अडचण कसली?" आणि 'अजिबात नाही'वर खूण करतं. कुणी म्हणतं, "आता कुठलं जमतंय ते!" आणि 'खूप'वर. गुडघे दोघांचे सारखेच दुखत असतील, पण कागदावर एक ठणठणीत आणि दुसरा अधू. म्हणून अशी प्रश्नावली दुसऱ्या भाषेत नेताना गोल्फ या शब्दाला प्रतिशब्द शोधून भागत नाही, तेवढेच श्रम लागणारं त्या लोकांच्या रोजच्यातलं काम शोधावं लागतं. याच प्रश्नावलीत मन खट्टू असण्यासाठी 'ब्लू' हा इंग्रजी शब्द आहे. मराठीत कुणाला निळं वाटत नाही.

हे गमतीचं वाटलं तरी टाइप २ मधुमेह असलेल्या माणसाचं जगणं कसं चाललंय ते मोजायचं, या सगळ्या विषयाचं मूळ इथेच आहे. रक्तातली साखर तुम्ही कशीही विचारा, यंत्र तेच सांगणार. जगणं कसं चाललंय याचं उत्तर मात्र तुम्ही नेमकं काय विचारलं यावर ठरतं.

आधी नावाबद्दल. या मोजमापाला मराठीत कधी कधी 'जीवनमान' म्हटलं जातं, ते मला पटत नाही. जीवनमान म्हटलं की पगार, घर, गाडी डोळ्यांपुढे येतात. इथे मोजायचं आहे ते आजार आणि त्याचे उपचार यांच्यामुळे माणसाच्या रोजच्या जगण्यात काय फरक पडला ते. हिंडणं-फिरणं, काम, झोप, मन, नातीगोती. आणि ते मोजायचं त्या माणसाच्याच तोंडून. 'जगण्याचा दर्जा' हा शब्द थोडा जड आहे, पण चालेल.

'त्याच्याच तोंडून' ही अट आज साधी वाटते, पण ती उशिरा आली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस डेव्हिड कार्नोफ्स्की आणि सहकाऱ्यांनी कर्करोगाच्या रुग्णांसाठी ० ते १०० अशी एक पट्टी तयार केली. १०० म्हणजे तक्रार नाही, ० म्हणजे मृत्यू. उपयोगी पट्टी होती, अजूनही वापरली जाते. पण गुण डॉक्टर द्यायचे. रुग्ण बिछान्यावर किती वेळ असतो ते डॉक्टरांना दिसतं, तो रात्री कशाला घाबरून जागा राहतो ते दिसत नाही.

टाइप २ मधुमेहात हे न दिसणारं फार असतं. या आजाराची चाल विचित्र आहे. सुरुवातीची कित्येक वर्षं काही दुखत नाही, खुपत नाही. त्रास जो होतो तो आजारापेक्षा उपचारांचाच: पथ्य, गोळ्यांच्या वेळा, बोटाला टोचणं, वजनकाटा. आज हे सगळं सांभाळा, म्हणजे दहा-वीस वर्षांनी डोळे, मूत्रपिंडं, पाय, हृदय शाबूत राहतील, असा हा व्यवहार. हप्ता रोज भरायचा आणि फायदा म्हणजे काहीतरी न होणं. जे झालं नाही त्याचं समाधान माणसाला वाटणार कसं?

दवाखान्यात या व्यवहाराचा हिशेब एका आकड्यावर होतो, एचबीए१सी. लोक त्याला सरळ 'तीन महिन्यांची साखर' म्हणतात आणि ते बरोबर आहे. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज येतो. उत्तम चाचणी आहे. पण समजा एकाचा आकडा ९ वरून ७ वर आला. तो इन्सुलिन सुरू करून आला, साखर अचानक उतरण्याच्या धास्तीनं तो आता एकटा प्रवास करत नाही, आणि रात्री घाम फुटून दोनदा उठतो. दुसऱ्याचाही आकडा ९ वरून ७ वरच आला, पण त्याला चालण्याची गोडी लागली आणि आता गुडघेही कमी दुखतात. अहवालात दोघं एकसारखे.

ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या अभ्यासात नव्यानं टाइप २ मधुमेह झालेली ५,१०२ माणसं होती. १९७७ मध्ये तो सुरू झाला आणि १९९८ मध्ये त्याचे मुख्य निष्कर्ष आले. साखर नेटानं आटोक्यात ठेवली की डोळे आणि मूत्रपिंडांची हानी कमी होते, हे त्यानं टाइप २ मध्ये दाखवून दिलं. त्यांनी जगण्याचा दर्जाही मोजला होता. तो निष्कर्ष असा, की कडक उपचारांनी जगणं सुधारलंही नाही आणि बिघडलंही नाही. बिघडलं ते पक्षाघात, हृदयविकार अशा गुंतागुंती झालेल्यांचं. आणि ज्यांची साखर वारंवार उतरत होती, त्यांच्या मनावर ताण जास्त दिसला.

या निष्कर्षाचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. कडक उपचारांचा खरोखरच जाच होत नाही, हा एक. आणि जाच होतो, पण वापरलेल्या प्रश्नावल्यांना तो पकडता आला नाही, हा दुसरा. मी दुसऱ्याकडे झुकतो. कारण समजायला एक प्रश्नावली जवळून बघू.

ईक्यू-५डी ही अगदी आटोपशीर. १९८७ मध्ये जमलेल्या युरोक्वॉल या संशोधकांच्या गटानं ती घडवली. पाच प्रश्न: हिंडणं-फिरणं, स्वतःचं आवरणं, रोजची कामं, वेदना किंवा अस्वस्थता, चिंता किंवा उदासी. नव्या आवृत्तीत प्रत्येकाला पाच पायऱ्या, 'काही अडचण नाही'पासून 'अजिबात जमत नाही' किंवा 'पराकोटीचा त्रास'पर्यंत. उत्तरं ओळीनं लिहिली की पाच अंकी संख्या तयार होते. ११११२ म्हणजे बाकी सगळं ठीक, थोडी चिंता. अशा एकूण ३,१२५ अवस्था होऊ शकतात. शिवाय ० ते १०० अशी उभी पट्टी असते, थर्मामीटरसारखी, तिच्यावर 'आजची तब्येत' दाखवायची.

आता ३,१२५ अवस्थांना किंमत कशी लावायची? इथे एक चमत्कारिक वाटेल असा खेळ आहे. लोकांना विचारतात: या अवस्थेत १० वर्षं जगणं, किंवा पूर्ण निरोगी पण कमी वर्षं जगणं, यातलं काय घ्याल? निरोगी ८ वर्षं आणि त्या अवस्थेतली १० वर्षं तुम्हाला सारखीच वाटली, तर त्या अवस्थेची किंमत ०.८. पूर्ण आरोग्य म्हणजे १, मृत्यू म्हणजे ०. काही अवस्था लोकांना मृत्यूहून वाईट वाटतात, त्यांची किंमत शून्याच्याही खाली जाते.

यूकेपीडीएसमधल्या रुग्णांच्या उत्तरांवरून २००२ मध्ये असाच हिशेब प्रसिद्ध झाला. गुंतागुंत नसलेल्या माणसाची सरासरी किंमत ०.७८५ निघाली. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला असेल तर त्यातून ०.०५५ वजा. एका डोळ्याची दृष्टी गेली तर ०.०७४, हृदय निकामी होऊ लागलं तर ०.१०८, पक्षाघात झाला तर ०.१६४, आणि पाय किंवा पायाचा भाग कापावा लागला तर ०.२८०. एखाद्या औषधावर सार्वजनिक पैसा खर्च करावा का, हे ठरवणारे लोक हेच आकडे वापरतात. ०.७८५ किमतीची १० वर्षं म्हणजे पूर्ण निरोगी अशी ७.८५ वर्षं, असं धरतात. औषधानं त्यात किती भर पडते आणि त्यासाठी किती मोजावं लागतं, असा तो ताळा.

एक गोष्ट इथे सहसा नजरेतून निसटते. कुठली पायरी निवडायची ते रुग्ण सांगतो, पण त्या पायरीची किंमत रुग्ण ठरवत नाही. ती सर्वसाधारण जनतेला विचारून ठरलेली असते, म्हणजे बहुतांशी अशा लोकांना, ज्यांनी ती अवस्था फक्त कल्पनेत पाहिली आहे. यामागेही तर्क आहे, पैसा सगळ्यांचा म्हणून मतही सगळ्यांचं. पण 'रुग्णांच्या मते' असं म्हणून हे आकडे सांगितले जातात तेव्हा मला खटकतं.

टाइप २ च्या दृष्टीनं अडचण वेगळीच. नुकतंच निदान झालेल्या माणसाला हे पाच प्रश्न विचारा. चालता येतं? येतं. आंघोळ, कपडे? काही अडचण नाही. कामं? होतात. दुखतं? नाही. चिंता? तशी नाही. आला १११११, पूर्ण गुण. सकाळपासून तो दोनदा टोचून घेऊन, चहाला नाही म्हणून, डब्यातलं अर्धं परत आणून बसलेला आहे, पण ते यातल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. शास्त्रात याला छताला डोकं टेकणं अशा अर्थाचा शब्द आहे. पट्टी वरच्या टोकाला संपते, माणूस संपत नाही. चुकीची नाही ती. तिला फक्त तब्येत विचारायला शिकवलंय, मधुमेह नाही.

म्हणून खास मधुमेहासाठीच्या प्रश्नावल्या आल्या. त्यातली मला सर्वात चतुर वाटते ती लंडन विद्यापीठाच्या क्लेअर ब्रॅडली यांनी घडवलेली एडीडी-क्यूओएल. हिच्या १९ विषयांच्या आवृत्तीत फुरसतीतल्या आवडी, नोकरी, प्रवास, कुटुंब, शरीरसंबंध, दिसणं, आत्मविश्वास, भविष्याची चिंता, मनासारखं खाण्याची मोकळीक, मनासारखं पिण्याची मोकळीक अशा गोष्टी येतात. आणि प्रश्न उलटा विचारलेला असतो: मला मधुमेह नसता, तर माझी खाण्याची मोकळीक... फारच जास्त असती (उणे ३), बरीच जास्त (उणे २), थोडी जास्त (उणे १), आहे तेवढीच (०), कमी असती (अधिक १). मग लगेच दुसरा प्रश्न: ही गोष्ट तुमच्यासाठी किती महत्त्वाची? ० ते ३. दोन्हींचा गुणाकार करायचा.

गुणाकारात गंमत आहे. खाण्यावर जीव असलेल्या माणसाचे उणे ३ गुणिले ३, म्हणजे उणे ९. पोट भरलं की झालं अशा माणसालाही तेवढंच पथ्य आहे, तोही उणे ३ म्हणेल, पण महत्त्वाला ० देईल आणि त्याचा गुणाकार शून्य. पथ्य एकच, नुकसान वेगळं. ज्याला नोकरी नाही किंवा जो सुट्टीत कुठे जातच नाही तो तो विषय सोडू शकतो. बाकीच्यांची सरासरी घेतात. गोल्फ न खेळणाऱ्याला इथे खोटं बोलावं लागत नाही.

'अधिक १' कशाला ठेवलाय, असं मला आधी वाटायचं. पण मधुमेहामुळे चालायला लागलो, सिगारेट सुटली, नाहीतर एव्हाना आडवा झालो असतो, असं म्हणणारे लोक खरोखर भेटतात.

ही प्रश्नावली निरनिराळ्या देशांत वापरली गेली आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. सर्वात जास्त उणे गुण मिळतात ते खाण्याच्या मोकळिकीला. मोठ्या गुंतागुंतीची भीती असतेच, पण रोज तीनदा बोचतं ते ताट. ईक्यू-५डी आणि एसएफ-३६ मध्ये खाण्यावर एकही प्रश्न नाही. मग कडक पथ्यानं जगणं बिघडत नाही असा निष्कर्ष त्यांच्यावरून काढला, तर तो कितपत धरायचा? २००७ मध्ये अमेरिकेत मधुमेहाच्या रुग्णांनाच निरनिराळ्या अवस्थांना आणि उपचारांना किंमत लावायला सांगितलं, तेव्हा अंधत्व, डायलिसिस अशा टोकाच्या गुंतागुंती सर्वात खाली आल्या हे खरं. पण सगळे उपचार एकत्र, रोज, कायम घेत राहणं यालाही लोकांनी बरंच खालचं स्थान दिलं.

याहून आतलं एक मोजमाप आहे. जगण्याचा दर्जा वगैरे राहू दे, हा आजार तुला छळतो का, एवढंच विचारणारं. १९९५ मध्ये बॉस्टनच्या जोस्लिन डायबिटीस सेंटरमधून 'पेड' ही २० प्रश्नांची यादी आली. मधुमेहासह जगायचं या विचारानं भीती वाटते का, पथ्य मोडलं की अपराधी वाटतं का, सतत सांभाळून सांभाळून थकून गेलात का, अशा धर्तीचे प्रश्न. प्रत्येकाला ० ते ४. बेरीज करून १.२५ नं गुणायचं, म्हणजे १०० पैकी गुण होतात. बेरीज ३४ आली तर ४२.५. साधारण ४० च्या वर गेलं की जाच गंभीर समजतात. २००५ च्या डीडीएस या १७ प्रश्नांच्या यादीनं जाचाचे चार भाग पाडले: मनावरचं ओझं, पथ्य-औषधांचं ओझं, डॉक्टरांशी न जमणं, आणि जवळच्यांशी होणारी खडाजंगी. चौथ्याबद्दल लोक भरभरून बोलतात. घरात एक माणूस आपोआप पहारेकरी होतो आणि प्रत्येक घासाला त्याची नजर असते. "एवढंसं घेतलं तरी सगळं टेबल गप्प होतं," असं एकांनी मला सांगितलं होतं. एका बाईंनी फॉर्मच्या समासात लिहिलं होतं, 'पाहुणे असले की इन्सुलिन बाथरूममध्ये घेते.' त्याला चौकट नव्हती. मी ते तसंच ठेवलं.

हा जाच आणि नैराश्य एक नव्हे. नैराश्य सगळ्या आयुष्यावर पसरतं, जाचाचा उगम एकाच ठिकाणी, मधुमेहात, असतो. २०१० मध्ये टाइप २ च्या रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एचबीए१सीशी संबंध दिसला तो मधुमेहाच्या जाचाचा, नैराश्याचा नाही. त्यामुळे साखर बिघडलेला, कंटाळलेला माणूस समोर आला की लगेच नैराश्याचा शिक्का मारण्याआधी, नेमका कशाचा कंटाळा, हे विचारलेलं बरं.

उपचारांबद्दल समाधान मोजणाऱ्या प्रश्नावल्याही आहेत, त्यांच्याबद्दल एवढंच: समाधान म्हणजे जगण्याचा दर्जा नव्हे. डॉक्टर चांगले आहेत, औषध सोयीचं आहे, आणि जगणं तरी बेचव आहे, असं खुशाल असू शकतं. औषधाच्या जाहिरातीत 'जगण्याचा दर्जा सुधारला' असं दिसलं की कोणती प्रश्नावली वापरली ते बघावं. बऱ्याचदा समाधानच मोजलेलं असतं.

आता सगळ्यात अवघड गाठ. माणूस जुळवून घेतो. निदानाच्या वर्षी एखादा ईक्यू-५डीच्या त्या उभ्या पट्टीवर ७० वर खूण करतो. दहा वर्षांनी त्याच्या पायांना मुंग्या येतात, एका डोळ्यावर लेझरचे उपचार झाले आहेत, आणि तो पुन्हा ७० वरच खूण करतो. तब्येत तीच आहे का? नाही. त्याचं १०० बदललं. पूर्वी १०० म्हणजे जिना धावत चढणं होतं, आता १०० म्हणजे वर्तमानपत्र वाचता येणं. फूटपट्टीच ताणली गेली तर लांबीची तुलना कशाशी करायची? संशोधक कधी कधी आजच्या फूटपट्टीनं मागचं मोजायला सांगतात, 'आज विचार करता, तेव्हा किती गुण दिले असते?' पण मग आठवणींची गडबड सुरू होते.

मला स्वतःला हे जुळवून घेणं मोजमापातली चूक वाटत नाही. तो माणूस खोटं बोलत नाहीये. त्याचं जगणं खरंच ७० आहे. फक्त त्या ७० वरून 'आजार वाढला नाही' असं म्हणता येत नाही, एवढी जाण ठेवली पाहिजे.

फरक किती मोठा असला तर खरा मानायचा, यालाही ठोकताळा आहे. उत्तरं देणाऱ्या गटातल्या गुणांचा जेवढा विखुरलेपणा, म्हणजे प्रमाण विचलन, असेल त्याच्या निम्म्याएवढा फरक माणसाला सहसा जाणवतो. हजारो लोकांच्या चाचणीत सरासरी ७२ वरून ७३ झाली तरी संख्याशास्त्राच्या दृष्टीनं ती 'लक्षणीय' ठरू शकते. पण त्यातल्या कुणालाही सकाळी उठून काही वेगळं वाटलेलं नसेल.

आणि एवढं करून त्या आकड्याचं पुढे काय होतं? नेदरलँड्समध्ये यावर दोन चाचण्या झाल्या. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिलीत, मधुमेहाच्या रुग्णांनी मनःस्थितीबद्दलचे प्रश्न भरले आणि परिचारिकेनं ती उत्तरं त्यांच्यासमोर बसून त्यांच्याशी बोलून काढली. वर्षभरानं त्यांची मनःस्थिती इतरांपेक्षा बरी होती. एचबीए१सीमध्ये फरक नव्हता. २०११ मधल्या दुसऱ्या चाचणीत नैराश्यासाठी प्रश्न विचारले आणि निष्कर्ष लेखी कळवले. फारसा परिणाम झाला नाही.

तुमच्या हातात असा फॉर्म आलाच, तर आधी तो कुठल्या काळाबद्दल विचारतोय ते बघा. ईक्यू-५डी फक्त आजबद्दल विचारते, जागतिक आरोग्य संघटनेची मनःस्थितीबद्दलची पाच प्रश्नांची यादी मागच्या दोन आठवड्यांबद्दल, एसएफ-३६ ची नेहमीची आवृत्ती मागच्या चार आठवड्यांबद्दल. दुखऱ्या दिवशी आलेला राग महिन्याच्या नावावर लिहू नका. प्रश्न लागू नसेल तर रिकामा सोडा आणि बाजूला कारण लिहा. आणि देणाऱ्याला विचारा, हे कोण वाचणार आहे, आणि वाचून झाल्यावर माझ्याशी कोण बोलणार आहे.